दारावरचं पिवळं कार्ड

दर मंगळवारी सकाळी नऊला तिसऱ्या मजल्यावरच्या लांब खोलीत आमची पेशी असते. कागदोपत्री तिचं नाव 'कामगिरी आढावा बैठक'. समोर भिंतीभर पडदा, पडद्यावर आम्हा अकरा निरीक्षकांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक रंग. नव्वद टक्के तक्रारी तीन दिवसांत निकाली निघाल्या तर हिरवा, नाहीतर लाल. ज्याचं नाव लाल त्यानं उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर कारण सांगायचं. अकराच्या अकरा नावं हिरवी झाली की आमचा डायरेक्टर ब्रेंट हॅलव्होर्सन हिरव्या साखरेचे डोनट घेऊन येतो. पन्नाशी उलटलेली माणसं आम्ही, आणि दुसरीतल्या पोरांसारखी त्या खोक्याकडे बघतो. मीही बघते, उगाच खोटं कशाला बोलू?

मी लॉरेन प्रुख्निक. शहराच्या घर-तपासणी खात्यात मला एकवीस वर्षं झाली. भाड्याच्या घरातला हीटर बंद पडला, छत गळलं, भिंतीला बुरशी आली, की भाडेकरू शहराच्या नंबरवर फोन करतो. ती तक्रार आमच्यापैकी कुणाच्या तरी मोबाइलवर येऊन पडते आणि तिथून घड्याळ सुरू होतं. आम्ही जायचं, बघायचं, दोष असेल तर घरमालकाला नोटीस काढायची. ऐकायला सोपं वाटतं. पण आमचं गाव इरी तळ्याच्या काठावर, जानेवारीत तळ्यावरचा वारा हाडापर्यंत शिरतो, आणि घरं सगळी शंभर वर्षांपूर्वीची, लाकडी. हिवाळ्यात दिवसाला साठ-साठ फोन येतात.

आता त्या कार्डाबद्दल सांगते. दार वाजवलं आणि कुणी उघडलं नाही, तर दाराच्या मुठीला एक पिवळं कार्ड अडकवायचं. त्यावर छापलेलं असतं: आम्ही येऊन गेलो, आपली भेट झाली नाही, कृपया पुन्हा फोन करा. कार्डाचा फोटो काढून पाठवायचा. फोटो पोचला की घड्याळ थांबतं आणि तक्रार निकाली. हीटर चालू असो नाहीतर बंद, तक्रार निकाली. भाडेकरूनं पुन्हा फोन केला तर ती नवी तक्रार, तिचं घड्याळ शून्यापासून. म्हणजे एका बाईनं चारदा फोन केला आणि आम्ही चारदा कार्ड लावलं, तर पडद्यावर चार तक्रारी मुदतीत निकाली निघालेल्या दिसतात. बाई घरात काकडतेय आणि आमच्या खात्यावर चार गुण.

आणि दार उघडलं तर? तर आत जावं लागतं. तास मोडतो. दोष सापडला की घरमालक दुरुस्ती करेपर्यंत तक्रार उघडी राहते, दहा दिवस, वीस दिवस, आणि ती आपल्या नावावर लाल दिसते. थोडक्यात, दार उघडणं हे आमच्या खात्यात सगळ्यात वाईट. असं कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही. पण हॅलव्होर्सन आल्यापासून सहा महिन्यांत ते प्रत्येकाला कळलं, आणि मला सगळ्यांच्या आधी कळलं. मी दार एकदाच वाजवायची, तेही बोटाच्या पेरानं, आणि मनात पाचपर्यंत मोजायची. सलग चौदा महिने माझं नाव हिरवं होतं.

ओटिस गॅड्सडेनच्या हे डोक्यात शिरलंच नाही. किंवा शिरलं असेल, पण त्यानं ते हाताला लागू दिलं नाही. ओटिस माझ्या आधी तीन वर्षं खात्यात लागला. उंच, जाड भिंगाचा चष्मा, गाडीत कायम कॉफीचा थर्मास. मला काम त्यानंच शिकवलं. बॉयलरची ज्योत निळी हवी, नारिंगी दिसली तर आधी खिडकी उघड आणि मग बोल, हे त्याचं. त्याची बायको जिनिव्हा. माझा नवरा गेला तेव्हा तीन दिवस ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी देत. गेल्या वर्षापासून जिनिव्हाची केमो चालली होती आणि तिचा विमा ओटिसच्या नोकरीवर होता. नोकरी गेली की विमा गेला. हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं, हॅलव्होर्सनलाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी ओटिसचं नाव सलग सहाव्यांदा लाल आलं.

"एकसष्ट टक्के, ओटिस," हॅलव्होर्सन म्हणाला. चाळिशीचा माणूस, कायम हसतमुख. आधी कुठल्याशा सल्लागार कंपनीत होता. "नेमकी अडचण काय येतेय, सांगाल का सगळ्यांना?"

ओटिस उभा राहिला. "अडचण अशी काही नाही, साहेब. लोक घरात असतात."

"ब्रेंट म्हणा मला. घरात असतात म्हणजे?"

"म्हणजे मी दार वाजवतो, थांबतो, आणि ते येऊन दार उघडतात."

खोलीत हशा पिकला. मीही हसले. हॅलव्होर्सनला कळेना आपण हसायचं की नाही. मग त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं. त्याच दुपारी ओटिसच्या हातात पत्र पडलं: नव्वद दिवसांची सुधारणा योजना. नव्वद दिवसांच्या शेवटी एकूण आकडा नव्वद टक्के झाला तर ठीक, नाहीतर सेवा समाप्त. शेवटचा दिवस जानेवारीतला शुक्रवार होता, दुपारी चारपर्यंत.

दुसऱ्या दिवशी हॅलव्होर्सननं मला केबिनमध्ये बोलावलं.

"लॉरेन, मला त्याला काढायचं नाहीये. मनापासून सांगतो. पण आकडे वर महापौरांकडे जातात, तिथं माझं काही चालत नाही. तुम्ही त्याला बरोबर घेऊन फिरा. तुमची पद्धत शिकवा त्याला."

"माझी पद्धत माहितीय का तुम्हाला?"

"तुमचा आकडा माहितीय," तो हसून म्हणाला. मग जरा पुढं झुकला. "पर्यवेक्षकाची जागा मार्चमध्ये भरायचीय. माणसं घडवणारं कुणीतरी हवंय मला तिथं."

मी हो म्हटलं. ओटिससाठी म्हटलं, आणि त्या जागेसाठीही म्हटलं. यातलं किती टक्के कशासाठी, ते त्या पडद्याला विचारा.

मग आम्ही दोघं एका गाडीतून हिंडू लागलो. ओटिस चालवायचा, मी शेजारी. पहिल्याच घरापुढं त्यानं मुठीनं दार ठोकलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. तीन मिनिटांनी एका बाईनं दार उघडलं आणि आमची सकाळ गेली. गाडीत बसल्यावर मी सुरू झाले.

"दार वाजवतोस की धाड घालतोस रे?"

"ऐकू जावं म्हणून वाजवतात ना दार?"

"तिथंच तर चुकतोस तू."

"बरं. मग कसं वाजवायचं, बाईसाहेब?"

मी गाडीच्या काचेवर पेरानं टिचकी मारून दाखवली.

"अशानं घरातलं मांजरसुद्धा उठायचं नाही," तो म्हणाला.

"अगदी बरोबर."

माझ्याकडे बघून तो हसायला लागला, आणि मग हसायचा थांबला. "तू खरंच असं करतेस, लॉरेन?"

"सगळेच करतात. तू कोण मोठा लागून गेलास? जिनिव्हाचं औषध तुझ्या त्या तीन मिनिटांवर चाललंय होय?"

हे मी बोलायला नको होतं, पण लागू पडलं ते हेच. त्या दुपारी त्यानं पहिलं कार्ड लावलं. परत येऊन बसला, थर्मास उघडला, कॉफी ओतली आणि प्यायलाच नाही.

"घरी जाऊन तिला काय सांगू?"

"सांग, विमा शाबूत आहे."

ओटिस शिकला. वाईट शिकला, सावकाश शिकला, पण शिकला. कधी मी गाडीतच असताना तो पायऱ्यांवर उगाच रेंगाळायचा, बुटावरचं बर्फ झटकत बसायचा, म्हणजे तेवढ्यात कुणी आलंच तर यावं. मी हॉर्न वाजवायची. नोव्हेंबरात तो सत्तरवर गेला, नाताळात ब्याऐंशीवर. मंगळवारी हॅलव्होर्सन त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला सांगायचा आणि ओटिस टेबलाकडे बघत बसायचा.

शेवटच्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला आकडा एकोणनव्वद आणि काहीतरी होता. दोन तक्रारी निकाली निघाल्या की नव्वद होत होते. एक मेपल रस्त्यावरची, दुसरी नदीपलीकडची, गाडीनं दहा मिनिटं. मेपल रस्त्यावर पोचलो तेव्हा तीन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. ओटिसनं गाडी लावली, पण उतरला नाही.

"हे यान्सीबाईंचं घर," तो म्हणाला.

विल्हेल्मिना यान्सी. ब्याऐंशी वर्षांची, शाळेच्या भटारखान्यात जन्म काढलेली, एकटी. गेल्या हिवाळ्यात ओटिसनंच तिच्या घरमालकाला नोटीस काढून हीटर दुरुस्त करवला होता. या हिवाळ्यात तो पुन्हा बंद पडला होता. जानेवारीतले तिचे आधीचे तीन फोन दुसऱ्या निरीक्षकांच्या वाट्याला गेले होते आणि तिन्ही तक्रारी निकाली निघाल्या होत्या. त्यातलं एक कार्ड माझं होतं. पण तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. दिवसाला चार-पाच कार्डं लावणाऱ्या बाईला दारं कुठली आठवतायत?

"मग जा ना," मी म्हटलं. "बसलायस काय?"

"तिला दारापर्यंत यायला चार मिनिटं लागतात. वॉकर घेऊन येते. मी मोजलंय. अर्धा कप कॉफी पिऊन होते तेवढ्यात."

"आपल्याकडे चार मिनिटं नाहीत."

"ती घरात आहे, लॉरेन. स्वयंपाकघराची काच बघ."

मी बघितली. आतून सगळी घामेजली होती. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. हीटर बंद असला की म्हातारी माणसं गॅसचा ओव्हन पेटवतात, त्याचं दार उघडं टाकतात आणि पुढ्यात खुर्ची घेऊन बसतात. खिडक्या गच्च लावलेल्या असतात. जुन्या ओव्हनचा गॅस धड जळत नाही, आणि त्यातून निघणारा विषारी वायू दिसतही नाही, त्याला वासही येत नाही.

"सगळेच पेटवतात ओव्हन," मी म्हटलं.

"आत गेलं पाहिजे."

"आत गेलास तर ही तक्रार उघडी राहील आणि नदीपलीकडची हुकेल. सोमवारी तू घरी. मग जिनिव्हाला काय, ओव्हनपुढं बसवणारेस? सोमवारी येऊ आपण इथं. मी स्वतः येईन. शपथ."

तो हलला नाही. मोबाइल मांडीवर धरून बसून राहिला, स्टिअरिंगकडे बघत. तीन चाळीस झाले.

"दे इकडं तो फोन," मी म्हटलं आणि त्याच्या हातातून ओढून घेतला.

पायऱ्या चढले. बाहेरचं काचेचं दार बंद होतं. मी त्यावर पेरानं एकदा वाजवलं आणि पाचपर्यंत मोजलं. तीनवर असताना आतून आवाज आला. टक्. मग थोडं थांबून पुन्हा टक्. वॉकरच्या रबरी बुडांचा फरशीवर होतो तसा. गाडी थांबलेली ऐकून ती आधीच निघाली असणार. मला ऐकू आला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी पाचपर्यंत मोजणं पुरं केलं, कार्ड मुठीला अडकवलं, फोटो काढला, पाठवला. तीन एकेचाळीस. घड्याळ थांबलं.

पूल ओलांडून दुसऱ्या घरी पोचलो तेव्हा तीन चौपन्न झाले होते. तिथं खरंच कुणी नव्हतं. दुसरं कार्ड लागलं. नव्वद पूर्णांक एक. मी ओटिसच्या दंडावर चापट मारली. "सुटलास, म्हाताऱ्या!" तो म्हणाला, "हं." परतीच्या वाटेवर त्यानं मेपल रस्त्यावरून गाडी घातली नाही, लांबच्या रस्त्यानं घेतली.

सोमवारी आम्ही गेलो नाही. सोमवारी पाइप फुटल्याच्या सत्तर तक्रारी आल्या, मला शहराच्या एका टोकाला पाठवलं आणि त्याला दुसऱ्या. हे कारण खरं आहे. पण दुपारी मला अर्धा तास मोकळा मिळाला होता, आणि मी तो गाडीत सूप पीत काढला, हेही खरं आहे. मंगळवारी अकरा नावं हिरवी होती. डोनट आले. हॅलव्होर्सननं ओटिसला मिठी मारली. ओटिसनं त्याचा डोनट कागदी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, जिनिव्हासाठी असावा.

बुधवारी सकाळी घरपोच जेवण देणाऱ्या बाईला यान्सीबाई सापडली. ओव्हनपुढच्या खुर्चीत, अंगावर दोन स्वेटर. डॉक्टर म्हणाले, रविवारी कधीतरी गेली. पिवळं कार्ड टेबलावर होतं. म्हणजे ती दारापर्यंत आली होती, दार उघडलं होतं, कार्ड काढून घेतलं होतं. कार्डावरच्या फोन नंबरभोवती तिनं पेनानं गोल केला होता आणि आम्ही सांगितल्याप्रमाणे पुन्हा फोन केला होता, शुक्रवारी चार वाजून बारा मिनिटांनी. ती पाचवी तक्रार. शनिवार-रविवार आमच्या घड्याळात धरत नाहीत. मुदत बुधवारी चार बाराला संपणार होती. ती मेलेली सापडली तेव्हा तिची तक्रार मुदतीतच होती.

ती तक्रार बंद करताना यादीतून एक कारण निवडावं लागतं. 'मृत्यू' असं कारण त्या यादीत नाही. ऑफिसातल्या कुणीतरी 'तक्रारदार आता तेथे राहत नाही' हे निवडलं. तक्रार निकाली, मुदतीत.

पेपरात घामेजलेल्या खिडकीचा फोटो आला आणि महापौरांच्या कार्यालयानं तीन जणांची समिती नेमली. जबाबदारी निश्चित करायला. समितीनं आमच्याच लांब खोलीत बसून चार दिवस कागद तपासले. पहिल्या तीन कार्डांबद्दल कुणालाच काही विचारलं नाही, मलाही नाही. कार्डं नियमात होती, फोटो स्वच्छ होते, वेळा बरोबर होत्या. एवढंच काय, खात्याचं काम समितीला उत्तम वाटलं. मग कुणाला धरायचं? कुणाला तरी धरणं भाग होतं, पेपरवाले खाली उभे होते.

चौथ्या दिवशी त्यांना ओटिसची जुनी नोंद सापडली. गेल्या हिवाळ्यातली, यान्सीबाईच्या फाइलमध्ये. शेवटच्या ओळीत ओटिसनं लिहिलं होतं: 'भाडेकरू वॉकर घेऊन येते. दाराशी चार मिनिटं थांबावे.'

शेवटच्या सुनावणीला आम्हा सगळ्यांना बसवलं होतं. समितीची प्रमुख पांढऱ्या केसांची वकीलबाई होती. तिनं ती नोंद मोठ्यानं वाचली.

"हे तुमचंच अक्षर ना, मिस्टर गॅड्सडेन?"

"हो, बाई."

"म्हणजे ती सावकाश चालते हे बाकीच्या निरीक्षकांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तरी तुम्ही थांबला नाहीत."

मग तिनं चौथा फोटो पडद्यावर लावायला सांगितला. मी काढलेला तो. जिथं दर मंगळवारी आमचे रंग दिसतात त्या भिंतीवर, माणसापेक्षा मोठा. मधोमध पिवळं कार्ड, अगदी सरळ. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख आणि तीन एकेचाळीस. कार्डाच्या डावीकडे, काचेमागच्या अंधारात, आतल्या पडद्याच्या कडेला चार बोटं दिसत होती. कुणीतरी पडदा बाजूला सारत होतं. आणि काचेत एक प्रतिबिंब होतं. मोबाइल धरलेला हात आणि वर लाल लोकरीची टोपी. ती टोपी मी नऊ वर्षं घालत होते. त्या क्षणीही ती माझ्या मांडीवर होती.

खोलीत वीस माणसं होती. सगळी खालच्या कोपऱ्यातली वेळ बघत होती. फक्त ओटिसनं फोटो पूर्ण बघितला, मग मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसता बघत राहिला. मी टोपी हळूच बॅगेत सारली.

"थांबायला हवं होतं," ओटिस समितीला म्हणाला.

"पण थांबला नाहीत."

"नाही थांबलो. गाडीत बसून राहिलो."

"गाडीत?" वकीलबाईनं कागद चाळला. "इथं तुमच्या फोनवरून दारावरचा फोटो आहे."

तो पुन्हा माझ्याकडे वळला. आता बोलायचं होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं की फोन त्याचा, हात माझा. जीभ टाळूला चिकटली म्हणतात ना, तसलं काही झालं नाही. जीभ जागेवर होती. मी विचार करत होते. मार्च महिना, पर्यवेक्षकाची जागा, एकवीस वर्षं. आणि मी मनाशी असंही म्हणत होते की मी बोलले तरी तो सुटेल कशावरून? दोघं जाऊ. हे मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं.

"मिस्टर गॅड्सडेन?" वकीलबाई म्हणाली.

"फोन माझाच आहे," ओटिस म्हणाला आणि खाली बसला.

अहवाल सहा पानांचा आला. खात्याची कार्यपद्धती योग्य, उद्दिष्टपूर्ती समाधानकारक, एका कर्मचाऱ्याचा वैयक्तिक निष्काळजीपणा. जबाबदारी निश्चित झाली. ज्या माणसानं एके काळी तिच्या दारात चार मिनिटं उभं राहून ती मोजली होती, तोच काय तो दोषी निघाला. ज्यांनी कधी मोजलीच नाहीत ते आम्ही सगळे सुटलो.

त्याच्या शेवटच्या दिवशी मी त्याला मागच्या पार्किंगमध्ये गाठलं. हातात पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात थर्मास आणि एक जुना टॉर्च.

"ओटिस, माझं नाव घेतलं नाहीस. उपकार—"

"थांब," तो म्हणाला. खोकं गाडीच्या टपावर ठेवलं. "उपकार-बिपकार काही नाही. मी तुला वाचवलं असं तुला वाटतंय का?"

"मग?"

"मी वाट बघत होतो. तू उठशील म्हणून. त्या बाईनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी थांबलो. तोंड तुलाही होतं ना?"

मी काहीतरी बोलू लागले, मार्चचं, दोघं गेलो असतो वगैरे. त्यानं ऐकून घेतलं. सगळं संपेपर्यंत ऐकलं, त्याची सवयच ती.

"झालं बोलून?" मग खोकं उचललं. "जिनिव्हाला भेटायला येऊ नकोस. तिला मी खरं सांगितलंय."

एप्रिलमध्ये तिचे दोन उपचार विम्यापायी चुकले, असं कानावर आलं. त्यानंतर मी कुणाला विचारायचं सोडलं.

मार्चपासून मी पर्यवेक्षक आहे. नवे निरीक्षक आले की तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत मी त्यांना शिकवते. समितीच्या शिफारशीवरून नवी पुस्तिका निघाली. तिच्या नवव्या पानावर 'पुराव्याचा फोटो कसा असावा' याखाली एक नमुना छापलाय. तोच फोटो. घराचा नंबर तेवढा पुसलाय. हॅलव्होर्सनच्या ऑफिसनं निवडला, कारण समितीनं तपासून योग्य ठरवलेला तो फोटो हाताशी होता. मी हरकत घेतली नाही. घेतली असती तर का घेतली हे सांगावं लागलं असतं. ती टोपी मी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकली. आता कुणी दुसरी बाई ती घालून गावात हिंडत असेल.

मागच्या आठवड्यात नव्या तुकडीत एक बाई होती, रोझलिंड टीग. आधी अठरा वर्षं शहराची बस चालवायची. मी नववं पान पडद्यावर लावलं आणि नेहमीप्रमाणे सांगू लागले, कार्ड मधोमध हवं, सरळ हवं, वेळ वाचता आली पाहिजे. रोझलिंडनं डोळे बारीक केले आणि हात वर केला.

"बाई, या पडद्यामागं कुणीतरी आहे. बोटं दिसतायत बघा."

बाकीचे पुढं झुकून बघू लागले.

"ती येतेय ना दाराशी?" रोझलिंड म्हणाली. "मग कार्ड कशाला लावलं?"

आजवर एवढा साधा प्रश्न कुणी विचारला नव्हता. समितीनंही नाही. मी पडद्याकडे पाठ करून उभी होते, मागं वळले नाही. मला बघायची गरज नव्हती.

"खालचा उजवा कोपरा बघा," मी म्हटलं. "वेळ किती दिसतेय?"

"तीन एकेचाळीस."

"लिहून घ्या."

रोझलिंड माझ्याकडे क्षणभर बघत राहिली, मग तिनं मान खाली घालून वहीत वेळ लिहिली. बाकीच्यांनीही लिहिली. मी मनात पाचपर्यंत मोजलं. दुसरा कुणी हात वर केला नाही. मी पान उलटलं.